तीन बरण्या घेऊन मुंबईला

आमच्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला जाऊन आलेले आहेत. परत आले की सगळे एकच सांगतात. बंदरावरची कमान पाहिली, राणीच्या बागेतला वाघ पाहिला, बोटीत ओकलो. मी वाघ पाहिला नाही आणि ओकलोही नाही. मी जे पाहिलं ते त्यांच्यातल्या एकानंही पाहिलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण जीभ माझी स्वतःची आहे, आणि इथे लिहितो ते चाखलेलं लिहितो.

गेलो कशाला, ते आधी सांगतो. आमच्या उतारावर रातांब्याची झाडं आहेत. बाहेरगावचं कोणी वाचत असेल तर त्याच्यासाठी: रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. त्याची सालं वाळवली की आमसुलं होतात आणि गराचा रस मिठात मुरवला की आगळ होतं. आगळात नारळाचं दूध घातलं की सोलकढी. माझा मुलगा वसंत लालबागच्या एका गिरणीत साच्यावर आहे. गणपतीला आला तेव्हा म्हणाला, "तात्या, रातांबे तोडू या. हापूसची कलमं लावू. आगळ कोण विचारतो हल्ली?"

मी म्हटलं, "माझं आगळ मुरलेलं असतं. जितकं जुनं तितकं चांगलं."

"असं तुम्ही म्हणता. मुंबईत एका माणसाला तरी म्हणायला लावा."

"लावीन. एकानं म्हटलं तर झाडं राहतील?"

"राहतील. आणि नाही म्हटलं तर कुऱ्हाड मी आणीन." हसत हसत म्हणाला, पण माझ्या हातावर हात मारला. झाडं माझ्या बापानं लावलेली. पोराच्या थट्टेवर मी ती सोडणार नव्हतो.

म्हणून पिकं घरात आल्यावर तीन बरण्या गोणपाटात बांधल्या आणि बोटीत बसलो. एक यंदाची, माझ्या हातची. एक चार वर्षांमागची, वसंतची आई गेली त्याआधी तिनं शेवटची घातलेली. तिला मी कोणाला हात लावू दिला नव्हता. आणि एक देश इंग्रजांकडून सुटला त्या सालची, तीही तिच्याच हातची. त्याच साली वसंत मुंबईला गेला होता. माझा सगळा भरवसा या तिसरीवर होता.

लालबाग

वसंतची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. एका खोलीत वसंत, सून शालू, दोन नातवंडं, आणि आता मी आणि माझ्या बरण्या. आपल्याकडे गोठा याहून मोठा असतो, पण खरं सांगायचं तर आपल्या घरात एवढा हशा नसतो. सगळ्या गॅलरीभर दारं उघडी. एका घरात बांगडा भाजला की दहा घरांना कळतं. शालूनं सुरमईचं कालवण केलं होतं, आणि आंबटाला बाजारातली चिंच. मी बरणीवर नुसता हात फिरवला.

"बघते मी ते, तात्या," शालू म्हणाली. "उघडा की एक."

"पैजेचा माल आहे. वापरायचा नाही."

वसंत रात्रपाळीला नसला तरी घरी नसे. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबई आपल्याला मिळणार की नाही यावर चाळीत लहान पोरंसुद्धा भांडत. भिंतीवर, जिन्यावर, शौचालयाच्या दारावर, जिथे जागा असेल तिथे एकच वाक्य चुन्यानं लिहिलेलं: झालाच पाहिजे. हट्टीपणात गावात माझा हात धरणारा कोणी नाही असं मला वाटे. लालबागला आल्यावर कळलं की इथे अख्खी वस्तीच माझ्यासारखी आहे.

गिरगाव

गिरगावात कोकणातला माल विकणारं एक दुकान आहे असं वसंतनं सांगितलं, म्हणून ट्रामनं गेलो. दुकानदार आपल्याच बाजूचा, पण मुंबईचं पाणी लागलेला. यंदाचं आगळ जिभेवर ठेवलं आणि म्हणाला, "ठीक आहे." देश सुटल्या सालची बरणी उघडली तर त्यानं नुसतं आत पाहिलं.

"काका, हे काळं पडलंय. गिऱ्हाईकाला लालभडक लागतं."

"चाखून तरी बघ."

"बघायचं काय त्यात? मुंबईला रंग लागतो."

मी बरणीचं तोंड बांधलं. त्याला काय बोललो ते लिहीत नाही, लहान मुलंही हे वाचतील.

दुकानातून बाहेर पडलो तर रस्त्याची तऱ्हाच बदललेली. फळ्या धडाधड बंद होत होत्या, ट्राम मध्येच उभ्या. कोपऱ्यावरून घोषणा आल्या, मग दगड आले, मग काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि पांढरा धूर पसरला. पुढच्या क्षणी डोळ्यांत कुणी मिरच्या वाटून घातल्या असं झालं. मी गोणपाट छातीशी धरलं आणि दिसेल त्या गल्लीत शिरलो. खरं म्हणजे दिसत काहीच नव्हतं.

"आगे बाय, म्हातारा बघ कसा पडतोय!" असा बाईचा आवाज आला. कुणीतरी दंडाला धरून ओट्यावर बसवलं, ओलं फडकं डोळ्यांवर ठेवलं. माझ्या हातातलं गोणपाट घ्यायला लागली तेव्हा मी ओरडलो, "सोडा! फुटेल!"

"बॉम्ब हाय काय?"

"आगळ आहे."

आतून एक पुरुष हसला.

डोळे उघडले तर मी गिरगावातच होतो, पण ते गिरगाव वाटत नव्हतं. लहानशी वाडी, लाकडी घरं, कौलं आपल्यासारखीच, ओट्यावर तुळशीच्या जागी क्रूस. ख्रिस्ती लोकांची वस्ती. बाईचं नाव मारीबाय, विधवा, भावाकडे राहणारी. भावाचं नाव पास्कल. माझ्याच वयाचा, पांढऱ्या मिशा, पांढरी विजार. जन्मभर विलायतेच्या बोटींवर बटलर होता, म्हणजे साहेबांच्या टेबलावर काय वाढायचं, काय ओतायचं ते बघणारा. मराठी आपल्यासारखंच बोलायचे, थोडं वेगळ्या चालीवर.

"हरताळ लागला," पास्कल म्हणाले. "आता संध्याकाळपर्यंत बसा. बरणीत काय बोललात तुमी?"

मी सांगितलं. तीन सालं, तीन बरण्या. पैजही सांगितली. दुकानदाराचंही सांगितलं. ऐकता ऐकता त्या माणसाचा चेहरा बदलत गेला. शेवटी ते मारीबायकडे वळून म्हणाले, "ऐकलंस काय? दर सालाचं वेगळं ठेवतो हा माणूस!"

"झालं," मारीबाय म्हणाली. "एक येडा होता घरात, आता दोन झाले."

मग पास्कल मला आतल्या खोलीत घेऊन गेले. जिन्याखाली फरशी काढून खड्डा केलेला, त्यात ओली वाळू, वर भिजलेलं गोणपाट. मला वाटलं रताळी पुरली असतील. त्यातून एका रिकाम्या बाटलीचं बूड दिसत होतं. "हा खड्डा रिकामा झाला," ते म्हणाले. "या तीन राह्यल्या." शेजारच्या फळीवर तीन बाटल्या उभ्या होत्या, काळपट हिरव्या, धुळीसकट. फ्रान्स देशात बोर्दो म्हणून बंदर आहे, त्याच्या मागच्या द्राक्षांची लाल दारू. कागदावरचं काही वाचता येईना, पण आकडे मला येतात. सत्तेचाळीस, चौतीस, अठ्ठावीस.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. सत्तेचाळीस म्हणजे माझी तिसरी बरणी! सात समुद्रांपलीकडे कुणी गोरा शेतकरी त्याच साली फळं दाबत होता, ज्या साली आमच्या मागच्या पडवीत ही बरणी भरली गेली. आणि त्यानंही साल लिहून ठेवलं होतं. मी मुंबईला येईपर्यंत समजत होतो की सालाचा नाद जगात आमच्याच घरात आहे.

दारूबंदी होतीच. पास्कलांकडे डॉक्टरच्या दाखल्यावर मिळालेलं परमिट होतं, त्यावर त्यांना एकट्याला पिता येत असे, दुसऱ्याला द्यायची मुभा नव्हती. "माझा दोस्त होता," ते म्हणाले, "दोघांनी मिळून या तीन एका दिवशी उघडायच्या असं ठरलेलं. तो गेला. एकट्यानं काय तुलना करायची? मी बोललो, राहू द्या. पण तुमी साल जाणता. तुमी बसा माझ्यासमोर."

मी माडी प्यालेला माणूस आहे, सोवळेपणा दाखवत नाही. पण कायद्याला भितो. तसं म्हणालोही.

"परमिट तपासणारा आज पळतोय डोळे चोळत," मारीबाय म्हणाली. "प्या काय ते. मी ओट्यावर बसते."

पहिली सत्तेचाळीसची. पास्कलांनी बूच असं काढलं की आवाजही झाला नाही. पातळ काचेच्या पेल्यात तळाला ओतली, पाऊण पेला रिकामाच. आपल्याकडे पाहुण्याला असं वाढलं तर तो पुन्हा उंबरा चढणार नाही. मी पेल्याकडे पाहत राहिलो तेव्हा ते म्हणाले, "उरलेली जागा वासासाठी." मग पेला गोल फिरवला, नाक आत घातलं, घोट तोंडात खेळवला आणि कोपऱ्यातल्या पितळी भांड्यात चक्क थुंकला!

"बिघडलीय?" मी विचारलं.

"छे. पहिला घोट जिभेला जागं करायला."

मी थुंकलो नाही. कुणाच्या घरचं तोंडात घेऊन मी थुंकत नाही. रंग पिकल्या जांभळाचा, आणि तोंड आवळलं तेही जांभळानं आवळतं तसं, दाढांपर्यंत. मागून थोडी गोडी आली. "पोरगी हाय अजून," पास्कल म्हणाले. "त्या साली तिकडे उन्हाळा कडक पडला. द्राक्षं नुसती पिकली नाय, भाजली."

"आमच्याकडे वळवाचा पाऊस लवकर आला की रातांबा पाण्यानं फुगतो," मी म्हटलं. "ते आगळ पुचाट होतं. ऊन तापलं की घट्ट."

"तेच तर!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तेच तर सांगतोय मी तीस वर्षं या वाडीला!"

चौतीसची उघडली. हिचा रंग जांभळा नव्हता, जुन्या कौलासारखा होता. वास घेतला आणि पेला तोंडाला लावायचं राहूनच गेलं. आईची लाकडी पेटी होती, तिच्यात ठेवणीचं लुगडं असायचं, तंबाखूची पानं असायची आणि चंदनाचा तुकडा असायचा. ती पेटी विकून किती वर्षं झाली. तिचं झाकण कुणीतरी माझ्या नाकासमोर उघडलं. मी पेला नाकाशीच धरून ठेवला तेव्हा पास्कलांनी विचारलं, "काय? आवडली नाय?" फळाच्या रसात फळ उरलेलंच नव्हतं, आणि फळाहून मोठं काहीतरी आलं होतं. हे मीठ न घालता, साखर न घालता, नुसतं अंधारात निजून होतं. मी जन्मभर आगळ मुरवलं आणि मुरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता अठ्ठावीसची. पास्कल पेले विसळायला गेले होते. मला वाटलं, एवढं पाजतोय माणूस, आपण हातभार लावावा. बाटली फळीवरून घेतली. उजेडाकडे धरली तर तळाला बोटभर गाळ बसलेला. आगळाची बरणी उघडायच्या आधी आपण काय करतो? अर्क सगळा तळाला बसलेला असतो. मी बाटलीचं तोंड धरलं, बूड धरलं, आणि खालून वर, वरून खाली, दणदणीत हलवली.

पास्कल दारात आले. हातातला पेला त्यांच्या हातातच राहिला.

"काय केलंत?" इतक्या हळू विचारलं की मी घाबरलो.

"गाळ बसला होता. वर आणला."

ते खाली बसले. नुसते बाटलीकडे पाहत होते. "तो गाळ तीस वर्षं खाली बसत होता," ते म्हणाले. "आठवडाभर उभी ठेवून मी तो स्थिर केला होता. आता उघडली तर चिखल."

मारीबाय ओट्यावरून डोकावली. तिला कळलं तशी तिनं कपाळावर क्रूस केला.

आयुष्यात मी फार वेळा खाली मान घातलेली नाही. त्या दिवशी घातली. थोड्या वेळानं पास्कल उठले, बाटली फळीवर ठेवली, तिच्याभोवती दोन उशा लावल्या. "आठ दिवस," ते म्हणाले. "बसला गाळ तर बसला. तुमी पण आठ दिवसांनी या. हलवलीत तुमी, बघायला पण तुमीच पायजे."

मी म्हटलं, "येईन. तोवर माझं तरी चाखा."

त्यांनी तिन्ही बरण्या समोर घेतल्या. एक चमचा घेऊन प्रत्येकीच्या वरवरचं थेंबभर अलगद काढलं, बरणी हलू न देता. यंदाचं चाखलं. चार वर्षांमागचं चाखलं. देश सुटल्याचं चाखलं. तोंड वाकडं झालं.

"तात्या, नुसतं मीठ. तिन्ही मेली."

माझं डोकं भणकलं. मान घालण्याचा वेळ संपला. "अहो शहाणे! वरचं पाणी चाटून आगळ कळतं? ढवळा की आधी! तळापासून!"

ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांना इतकं हसू आलं की खोकला लागला. मलाही आलं. मारीबाय आत आली तेव्हा दोघंही डोळे पुसत होतो, आणि ते धुराचं नव्हतं. पण तेवढ्यात बाहेर शांत झालं म्हणून मी निघालो. ढवळून चाखायचंही आठ दिवसांवर ठेवलं.

परत चालतच निघालो, ट्राम बंदच होत्या. भायखळ्याच्या पुलापाशी पोलिसानं हटकलं. दारूबंदीच्या दिवसांत, हरताळात, एक म्हातारा छातीशी बरण्या धरून जातोय, आणि त्यात लाल पाणी! त्याहून वाईट म्हणजे तोंडाला चौतीसचा वास. मी झटकन यंदाची बरणी उघडली आणि बोट बुडवून आधी स्वतःच चाटलं, दोनदा, तीनदा.

"काय रे थेरड्या, हातभट्टी?"

"आगळ आहे, हवालदारसाहेब. चाखून बघा."

त्यानं बोट घातलं, चाटलं, डोळे मिटले. मग एकदम आपल्या बोलीत म्हणाला, "खंयचे तुम्ही?"

"देवगडाकडचो."

"अरे देवा! कितके दिवस झाले सोलकढी पिऊन." माझ्या तोंडाकडे नाक न नेता त्यानं मला नाक्यापर्यंत सोडलं. मी मनात म्हटलं, पैजेत याला धरू का? पण त्यानं यंदाचं चाटलं होतं, जुनं नव्हे. लबाडी करून पैज मी जिंकत नाही.

शिवाजी पार्क

मधल्या आठ दिवसांत बोट चुकवली म्हणून वसंत चिडला. "दारूसाठी थांबताय? सापडलात तर चाळीत तोंड दाखवता येईल का?" मी म्हटलं, "गाळासाठी थांबतोय." त्याला ते कळलं नाही.

तरी रविवारी तो मला सभेला शिवाजी पार्कला घेऊन गेला. एवढं मोकळं मैदान मुंबईत असेल असं वाटलं नव्हतं, आणि ते मोकळं राहिलं नाही हेही डोळ्यांनी पाहिलं. आमच्या जत्रेला मी गर्दी म्हणत आलो. यापुढे म्हणणार नाही. गिरणीवाले होते, भायखळ्याकडच्या चाळींतून निळे झेंडे घेऊन आलेले लोक होते, नाकात नथ घातलेल्या बायका कडेवर पोरं घेऊन बसल्या होत्या. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. एक माणूस लांब व्यासपीठावरून बोलत होता, कर्ण्यातून शब्द तुटून येत होते, पण सगळ्या मैदानानं एकदम "झालाच पाहिजे" म्हटलं तेव्हा पायाखालच्या मातीतून ते मला ऐकू आलं. मी इतकी माणसं एका गोष्टीसाठी गप्प बसलेली पाहिली नव्हती, आणि एका गोष्टीसाठी ओरडलेलीही.

घरी आलो तर वसंतचा घसा पार बसलेला. मी यंदाचं आगळ गरम पाण्यात घालून दिलं. प्याला आणि पेला खाली ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आईच्या आगळासारखं नाही लागत."

"नवीन आहे म्हणून. चार वर्षं मुरू दे, मग बघ."

"नाही तात्या. मुरण्याचं नाही ते. काहीतरी कमी आहे."

"तुला काय कळतं?" मी म्हटलं, आणि कुशीवर वळलो. पण झोप काही लवकर आली नाही. मलाही तसंच वाटत आलं होतं. मी ते कधी बोललो नव्हतो.

पुन्हा गिरगाव

आठव्या दिवशी वसंतही बरोबर आला. माझ्यावर नजर ठेवायला, असं तो म्हणाला. पास्कलांनी त्याच्यासमोरही पेला ठेवला, त्यानं हात जोडले. "मी चळवळीतला माणूस आहे. माझ्या तोंडाला वास आला तर ते म्हणतील, मुंबई मागणारे दारू पितात."

"बरोबर हाय," पास्कल म्हणाले आणि पेला उचलला.

मग त्यांनी मेणबत्ती लावली. दिवसाउजेडी मेणबत्ती कशाला, मी विचारलं. अठ्ठावीसची बाटली त्यांनी तान्हं पोर उचलावं तशी उचलली, बूच काढलं, ते कुजून तुकड्यातुकड्यानं निघालं. बाटलीची मान ज्योतीसमोर धरून ते काचेच्या सुरईत ओतू लागले. एक थेंब इकडे नाही, तिकडे नाही. ज्योतीच्या उजेडात दारू आरपार दिसत होती, जांभ्या दगडावरून पाणी वाहावं तशी. मग मानेत काळी रेघ सरकत आली, तो गाळ, आणि पास्कलांचा हात थांबला. बाटली उभी झाली. गाळ सगळा बाटलीत, सुरईत एक कण नाही.

"बसला होता," ते म्हणाले. "तुमचं नशीब, तात्या."

पेल्यात ओतली. रंग असा नव्हताच जवळजवळ, आटवलेल्या चहाला कडेला येतो तसा. पहिल्यांदा वासही नाही. मी पास्कलांकडे पाहिलं, त्यांनी बोटानं थांबा म्हटलं. आणि मग ती उठली. कशी सांगू? देवघरातल्या कालच्या फुलांचा वास, विड्यातल्या काताचा, रानात दुपारी तापलेल्या पानांचा, एकामागून एक येत गेला, आणि तोंडात घेतली तर आवळणं नाही, आंबट नाही, काहीच हट्ट नाही. घसा उतरूनही ती होतीच. पास्कलांचे डोळे भरले होते. परमेश्वरानं फळ केलं हे मला माहीत होतं. पण फळाला एवढं आयुष्य द्यायचं माणसाला सुचलं, आणि कुणा परक्याच्या जिभेसाठी, याचं मला नवल वाटत राहिलं.

"ज्यांनी ही द्राक्षं तोडली," पास्कल म्हणाले, "त्या बाया आता असतील काय? बऱ्याच गेल्या असतील."

आम्ही दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. आणि चौथ्याला काहीच नव्हतं. त्याच पेल्यातली, तीच दारू, आणि नुसतं आंबूस पाणी. मी घाबरून वास घेतला. गेली होती.

"आता होती!" मी म्हटलं.

"हवा लागली," पास्कल म्हणाले. "एवढी जुनी झाली की उघडल्यावर पाव तास जगते. म्हणून तर हाक मारली तुमाला. एक साल आधी उघडली असती तर बरं झालं असतं. एक साल उशीर केला असता तर हा पाव तासही नसता."

मी माझ्या बरण्या पुढे सरकवल्या. वसंतही सरसावून बसला. या वेळी तिन्ही मी स्वतः ढवळल्या, लाकडी डावानं, तळापासून.

पास्कलांनी देश सुटल्याचं आधी घेतलं. बराच वेळ तोंडात ठेवलं. "ढवळून पण मेलंय, तात्या. माझं सत्तेचाळीस अजून पोर, तुमचं म्हातारं होऊन गेलं. ज्याचं त्याचं आयुष्य." मी स्वतः चाखलं. खरं बोलत होते.

यंदाचं घेतलं. "स्वच्छ. तरतरीत. सरळ."

मग चार वर्षांमागचं घेतलं आणि थांबले. पुन्हा घेतलं. "हे काय हाय? यात काहीतरी हाय जे त्यात नाय. जुनं म्हणून नाय. घातलेलं हाय काहीतरी."

"मुरलंय ते," मी म्हटलं.

"नाय तात्या. मी दारू ओतून म्हातारा झालो. हे मुरणं नाय, हा कुणाचा तरी हात हाय."

वसंतनं बरणी ओढली, बोट बुडवलं. आणि तोंडात बोट ठेवून लहान मुलासारखा बसून राहिला. मग म्हणाला, "तिरफळ."

"काय?"

"आई बांगड्यात घालायच्या वाळक्या तिरफळांची पुरचुंडी बांधून बरणीत सोडायची. आणि मीठ विरलं की काढून टाकायची. मला पाठवायची ना झाडावर. काटे लागायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या आगळाचा मी गावभर डंका वाजवला, आणि माझ्या पडवीत ते कसं होतं ते मला माहीत नव्हतं.

मारीबाय दारात उभी होती. ती म्हणाली, "पुरुषांना कुठे काय ठाऊक असतं? पेला कसा फिरवायचा तेवढं ठाऊक."

"तर मग," वसंत हळूच म्हणाला, "जुनं चांगलं असं कोणी म्हणालं नाही, तात्या. पैज हरलात."

"चार वर्षांचं जुनंच असतं," मी म्हटलं.

"हरलात."

वसंतनं अजून एकदा बोट बुडवलं. "झाडं राहू देत," तो म्हणाला. "मेमध्ये मी येतो. तुम्हाला एकट्याला जमणार नाही ते."

"मी कुठे तुझ्याकडे मदत मागितली?" मी म्हटलं. "आणि खालच्या अंगाला जागा आहे. तिथे दोन-चार कलमं लावायची असतील तर लाव. माझी हरकत नाही. मीच सांगणार होतो." तो हसला नाही, हे त्यानं बरं केलं.

निघताना पास्कलांनी त्या बरणीवर हात ठेवला. "ही ठेवू नका. अठ्ठावीसचं बघितलंत. आज हाय तोवर प्या."

चार वर्षं मी त्या बरणीला कुणाला हात लावू दिला नव्हता. त्या संध्याकाळी लालबागला शालूच्या हातात दिली. तिनं पाच नारळ खोवले, शेजारणींनी लसूण सोलला, आणि चाळीच्या मजल्याभर पेले गेले. वसंतच्या चळवळीतली पोरं ओरडून आलेली, घसे बसलेले, त्यांनी उभ्यानं प्यायली. एकजण म्हणाला, "वहिनी, यात काय घातलंय?" शालूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वसंतला विचार." रात्री बरणी धुताना मी स्वतः बोट फिरवून तळ चाटला.

मेमध्ये वसंत आला. तिरफळाच्या झाडावर चढला, काटे लागले, शिव्या दिल्या. यंदा वळीव उशिरा आला, रातांबा घट्ट होता. पास्कलांना एक बरणी पाठवली आहे. त्यांनी मला अठ्ठावीसची रिकामी बाटली दिली होती, तिच्यात यंदाचं आगळ तिरफळासकट भरलं, बूच मारलं आणि पडवीच्या कोनाड्यात उभी ठेवली आहे. साल कोळशानं लिहिलं आहे. ती केव्हा उघडायची ते मी ठरवलेलं नाही, आणि उघडायला मी असेनच असं नाही. जो कोणी उघडेल त्याला एवढंच सांगणं: फार वाट पाहू नका, आणि बूच काढायच्या आधी बाटली खालून वर चांगली हलवा.